थोडंसं खाल्लं तर काय होतं?



पाहुण्याच्या ताटात मासोळीचा तुकडा वाढताना आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते : “घ्या न जी, थोडसंक खाल्ल्यानं का होते?” या वाक्यात प्रेम असते, आग्रह असतो, यजमानीण बाईंनी सकाळपासून चुलीपुढे काढलेले कष्ट असतात. आणि बहुतेक वेळा खरोखरच काही होत नाही. परंतु ज्याला तो विशिष्ट मासा सोसत नाही, त्याच्या बाबतीत या साध्या प्रश्नाचे उत्तर साधे नसते. अंगभर पित्त उठते, ओठ सुजतात, घसा आवळतो आणि क्वचित जीवावरही बेतते. या लेखात थोडी वैद्यकीय माहिती येईल, पण माझा मुख्य प्रश्न निराळा आहे. दुसऱ्याच्या शरीरात काय घडते ते आपल्याला दिसत नाही. अशा वेळी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवणे हे आपले कर्तव्य आहे काय? आणि तो न ठेवणे हा केवळ गैरसमज, की त्यात काही दोषही आहे?

प्रथम माझ्यापुरते सांगून टाकतो. लहानपणापासून मी मरळ खात आलो. आपल्याकडे समुद्र नाही. वर्ध्याहून मुंबई रेल्वेने सुमारे ७५० किलोमीटर दूर. पण पुलगावपाशी वर्धा नदी आहे, आपल्या भागात यशोदा आहे, तळी आणि धरणे आहेत. भोई आणि ढीवर बांधवांनी आणलेली रोहू, कटला, मरळ, शिंगी हीच आपली मासोळी. पहिल्या पावसानंतर मरळीचा रस्सा म्हणजे आमच्या घरी लहानसा सणच असे. चाळिशी उलटल्यावर एकदा जेवणानंतर अर्ध्या तासात हातापायांवर पित्त उठले. घरच्यांनी आमसूल लावले आणि ठपका मसाल्यावर ठेवला. दुसऱ्या वेळी ओठ सुजले. तिसऱ्या वेळेची वाट न पाहता मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मरळीचा एक तुकडाच सोबत आणायला सांगितला. सुई आधी त्या तुकड्यात आणि मग माझ्या हाताच्या कातडीत टोचली. पंधरा मिनिटांत तिथे डास चावल्यासारखी गांध उठली. रोहूची सुई टोचली त्या जागी काहीच झाले नाही. तेव्हापासून मरळ बंद आणि रोहू चालू.

(ही चाचणी घरी कोणी करून पाहू नये. ती दवाखान्यातच करायची असते, कारण नुसत्या टोचणीनेही एखाद्याला मोठा त्रास होऊ शकतो.)

खरा त्रास त्यानंतर सुरू झाला, आणि तो मरळीने दिलेला नव्हता. “इतकी वर्षं तर खात होता!” “रोहू चालते आणि मरळ चालत नाही, असं कुठं असते का? मासा तो मासाच.” “मनातून काढून टाक, काही होत नाही.” एका हितचिंतकाने तर मृगाला हैदराबादला जाण्याचा सल्ला दिला. तिथे दम्याच्या रुग्णांना एक औषध बोटाएवढ्या जिवंत माशाच्या तोंडात घालून गिळायला देतात हे अनेकांना ठाऊक असेल. तो मासा म्हणजे मरळच! तिची ॲलर्जी तिलाच गिळून घालवायची, असा तो हिशेब होता. शाकाहारी माणसाला तिथे माशाऐवजी गुळातून औषध देतात असे ऐकले, तेवढे मला आवडले. औषधाच्या गुणाविषयी मात्र शास्त्रीय पुरावा नाही.

या आक्षेपांना उत्तर देण्याइतकी माहिती प्रत्येक घरात असावी, म्हणून ती देतो.

‘ॲलर्जी’ हा शब्द १९०६ मध्ये व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घडवला. आपल्याला कौतुक वाटेल की हे गृहस्थ डॉक्टर होण्यापूर्वी इन्सब्रुक येथे ईशज्ञानाचे आणि लूवेन येथे तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी होते. ‘दुसरे’ आणि ‘कार्य’ अशा अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून त्यांनी हे नाव केले. म्हणजे शरीराने दिलेला वेगळा प्रतिसाद, एवढाच त्याचा अर्थ. त्यात दुबळेपणा नाही, भित्रेपणा नाही आणि नखरा तर नाहीच.

असा प्रतिसाद पहिल्याच घासाला येतो असे नाही. आधीच्या भेटींत शरीर त्या पदार्थाची ओळख करून घेते. ती ओळख बिघडली, म्हणजे अन्नाला शत्रू समजण्याची गफलत झाली, की रक्तात एक विशिष्ट प्रतिपिंड तयार होते. ते कातडी, श्वासनलिका, आतडी येथील काही पेशींवर जाऊन बसते आणि दबा धरून राहते. पुढे तोच पदार्थ पोटात गेला की त्या पेशी हिस्टामिन आणि तत्सम द्रव्ये एकदम बाहेर टाकतात. खाज, सूज, धाप, उलटी, रक्तदाब घसरणे हे सगळे त्यातून होते. ही गफलत बालपणी होऊ शकते, तशीच शंभर वेळा खाऊन झाल्यावरही होऊ शकते. तेव्हा “इतकी वर्षे खात होता” हा ॲलर्जी नसल्याचा पुरावा होत नाही.

आता “मासा तो मासाच” याविषयी. माशाच्या स्नायूत पार्व्हाल्ब्युमिन नावाचे प्रथिन असते आणि मासे बाधणाऱ्या बहुतेकांचे भांडण त्याच्याशी असते. ते उकळल्याने सहसा नष्ट होत नाही. पुष्कळ माशांत ते एकमेकांशी मिळतेजुळते असल्याने एक मासा बाधणाऱ्याला सहसा आणखीही काही बाधतात. तरी माशागणिक त्याची घडण आणि प्रमाण बदलते, आणि काही थोड्या लोकांचे शरीर एकाच जातीला अडवून धरते. झिंगे आणि खेकडे तर मासेच नव्हेत. त्यांच्यातले त्रास देणारे मुख्य प्रथिन निराळे आहे. म्हणून झिंगे न चालणारा मनुष्य रोहू निर्धास्त खाताना दिसला, तर त्याला ढोंगी समजण्याचे कारण नाही. पापलेट आणि हिलसा यांचा त्रास देण्याचा गुण शिजवल्या-तळल्यावर घटतो, बांगडा आणि भेटकी यांचा मात्र टिकून राहतो, असे कोलकात्याच्या संशोधकांना २००६ मध्ये दिसून आले. एवढा फरक एका बाजारातल्या चार टोपल्यांमध्ये असतो. कोणता मासा चालेल हे अर्थातच अंदाजाने ठरवू नये, डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

आणखी एक गोष्ट आपल्यासारख्या समुद्रापासून दूरच्या गावाने लक्षात ठेवावी. बांगडा, कुपा, तारली असे मासे बर्फाशिवाय राहिले की त्यांच्यात जिवाणू हिस्टामिन तयार करतात. शिजवल्याने ते जात नाही, आणि वासावरून दर वेळी कळतेही नाही. असा मासा खाल्ला की चेहरा लाल होतो, डोके ठणकते, छाती धडधडते, अंगावर पुरळ येते. दिसायला सारी ॲलर्जीच, पण मुळात ती विषबाधा. पंगतीतल्या तिघा-चौघांना एकदम झाले तर संशय माशावर घ्यावा. एकालाच झाले तर त्याचे शरीर तपासावे. मात्र आपली रीत पाहा : मासा बिघडलेला असला तरी आपण त्रास झालेल्यालाच म्हणतो, “तुझंच पोट नाजूक.” त्याच्या शरीराने खरी साक्ष दिलेली असते आणि दोषी तोच ठरतो.

माझा प्रश्न इथूनच सुरू होतो. शरीराची साक्ष कोणाची मानली जाते आणि कोणाची नाही?

आपापल्या घरात डोकावून पाहावे. घरातल्या कर्त्या पुरुषाने “मला हे मानवत नाही” म्हटले की दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघराचा कायदा बदलतो. जावईबापूंनी म्हटले तर शेजारच्या चार घरांना कळवले जाते, आणि पुढच्या वेळी त्यांच्यासाठी कोंबडी येते. पण हेच नव्या सुनेने म्हटले तर? “माहेरी काय खात होती?” “आमच्याकडे असले नखरे चालत नाहीत.” लहान मुलाने म्हटले तर त्याला पाठीत धपाटा मिळतो. तोंड खाजते, घशात काटा टोचल्यासारखे वाटते, एवढेच मूल सांगू शकते. आपण काटा शोधतो, भाताचा गोळा गिळायला लावतो आणि पुन्हा तोच रस्सा वाढतो. घरी मासोळी साफ करायला येणाऱ्या बाईच्या हातांवर पित्त उठते. ॲलर्जी असलेल्याला मासा हाताळल्यानेही त्रास होतो, आणि शिजणाऱ्या माशाच्या वाफेने दमही लागतो. पण तिला “मला मासोळीचे काम नको” असे म्हणता येत नाही, कारण काम गेले तर मजुरी जाते. शब्द सारखेच, शरीरेही सारखीच. फरक फक्त बोलणाऱ्याच्या मानाचा. ज्याला घरात मान आहे त्याची ॲलर्जी खरी, आणि ज्याला नाही त्याची खोटी!

हा अन्याय आहे असे मला वाटते, आणि तो अज्ञानातून होतो एवढे म्हणून सुटका होणार नाही. अज्ञान सर्वांच्या बाबतीत सारखेच असते. जावयाच्या शरीराविषयी आपल्याला सुनेच्या शरीरापेक्षा अधिक काही ठाऊक नसते. तरी एकावर आपण विश्वास ठेवतो आणि दुसरीवर ठेवत नाही. म्हणजे ती निवड ज्ञानाने झालेली नसते, मनाने झालेली असते. आणि मनाने केलेल्या निवडीचा जाब आपल्याला द्यावा लागतो.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर लेख एकांगी होईल. अलीकडे जे आवडत नाही त्याला “ॲलर्जी आहे” म्हणण्याची सवय पसरली आहे. वांगे नको असते, त्याची ॲलर्जी. सासुरवाडीच्या हातचे नको असते, तिथल्या तेलाची ॲलर्जी. आठवी आज्ञा खोटी साक्ष देऊ नये असे सांगते, आणि ही शरीराच्या नावाने दिलेली खोटी साक्षच आहे. तिचे नुकसान खोटे बोलणाऱ्याला होत नाही, ते होते पुढच्या खऱ्या रुग्णाला. मागच्या पाहुण्याची “ॲलर्जी” रात्री धाब्यावर नाहीशी झाली हे ज्या यजमानाने पाहिले, तो पुढच्या पाहुण्याचे का मानेल? “मला आवडत नाही, क्षमा करा” असे म्हणण्याचे धैर्य आपल्यात असावे, आणि ते ऐकून राग न धरण्याचा मोठेपणा यजमानात.

पण संशय आला की काय करायचे? एखादा खरे बोलतो की खोटे, हे यजमानाने कसे ओळखावे? माझे उत्तर असे की त्याने ते ओळखण्याच्या भानगडीत पडू नये. विश्वास ठेवून आपण फसलो, तर माशाचा एक तुकडा भांड्यात उरतो. अविश्वास दाखवून आपण चुकलो, तर एक माणूस दवाखान्यात जातो. या दोन तोट्यांची तुलना होऊ शकत नाही. चोरून तुकडा वाढून पाहणे, “यात मासा नाही” असे खोटे सांगून खाऊ घालणे आणि मग “बघा, काही झालं नाही” म्हणून हसणे, असे प्रकार घडतात. त्याला मी थट्टा म्हणणार नाही. दुसऱ्याच्या जिवावर केलेला तो प्रयोग आहे.

‘जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे’ अशी आपली म्हण आहे. ही म्हण जवळजवळ शब्दशः खरी करून पाहणारे दोन डॉक्टर होऊन गेले, आणि तेही नेमके माशाच्याच बाबतीत. १९२१ ची गोष्ट. गाव ब्रेस्लाउ, तेव्हा जर्मनीत आणि आता पोलंडमध्ये. हाइन्झ क्युस्टनर या डॉक्टरांना मासा खाल्ला की त्रास होत असे. त्यांचे सहकारी कार्ल प्राउस्निट्झ यांना माशाचा कसलाही त्रास नव्हता. क्युस्टनरांच्या रक्तात असे काय आहे जे आपल्यात नाही, हा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी क्युस्टनरांच्या रक्तातील पाण्यासारखा भाग काढून स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. काही मिनिटांत प्राउस्निट्झ यांच्या कातडीवर लाल गांध उठली. जो मासा त्यांना जन्मात कधी बाधला नव्हता, तो त्या रुपयाएवढ्या जागेत बाधला. क्युस्टनरांच्या त्रासाचे कारण मनात नसून रक्तात आहे, हे कातडीवर उमटून दिसले. त्या अज्ञात द्रव्याला पुढे ‘इम्युनोग्लोब्युलिन ई’ असे नाव मिळाले. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत इशिझाका पती-पत्नींनी आणि स्वीडनमध्ये योहानसन आणि बेनिक यांनी ते शोधून काढले. आज दवाखान्यात ॲलर्जीसाठी रक्त तपासतात ते याच द्रव्यासाठी.

प्राउस्निट्झ यांना स्वतःला गवताच्या परागाचा त्रास होता, म्हणून त्यांनी प्रयोग उलटाही करून पाहिला. त्यांच्या रक्तातील अंश क्युस्टनरांच्या कातडीत टोचला. तिथे काहीच उठले नाही. पुस्तकांत ही बाजू दोन ओळींत आटोपतात, पण मला ती तितकीच महत्त्वाची वाटते. एकाचे दुःख दुसऱ्याच्या कातडीवर उमटले, दुसऱ्याचे उमटले नाही. म्हणून प्राउस्निट्झ यांच्या शिंका खोट्या ठरल्या काय? तिथे क्युस्टनरांना मित्राच्या शब्दावरच विसंबावे लागले. पुढे नाझी राजवट आल्यावर १९३३ मध्ये प्राउस्निट्झ यांना जर्मनी सोडून इंग्लंडला जावे लागले. माणसाची किंमत रक्तावरून ठरवणाऱ्या राजवटीने, ज्याने दुसऱ्याचे रक्त आनंदाने आपल्या अंगात घेतले होते अशा माणसाला घराबाहेर काढले.

ही चाचणी आता कोणी करत नाही. रक्तातून कावीळीसारखे रोग पसरतात, म्हणून ती बंद पडली. म्हणजे दुसऱ्याचे दुःख स्वतःच्या कातडीवर पाहण्याची ती एक वाटही बुजली. राहिला तो शब्द.

इथे मला संत थोमा आठवतात. जखमांत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही असे ते म्हणाले, आणि प्रभूने त्यांना रागावून हाकलले नाही, जखमा पुढे केल्या (योहान २०). थोमांना आपण उगाच नावे ठेवतो असे मला नेहमी वाटते. निदान त्यांनी आपली शंका उघड बोलून दाखवली. पण त्याच वेळी, न पाहता मानणाऱ्यांना प्रभूने धन्य म्हटले. तो प्रसंग प्रभूच्या पुनरुत्थानावरील श्रद्धेचा आहे, मासोळीच्या रश्श्याचा नाही, हे मला समजते. तरी एवढे म्हणता येईल की आपल्या घरी जेवायला येणाऱ्याने आपली जखम पुढे करून दाखवावी, अशी अट आपण घालू नये.

आता शुक्रवारचा विषय, कारण तो आपल्याच घरांतला आहे. उपवासकाळातील शुक्रवारी मटण-कोंबडी नाही, म्हणून मासोळी, अशी आपली परंपरा. त्यामुळे ज्याला मासा चालत नाही त्याला, विशेषतः वडीलधाऱ्यांना, आपण काही धर्मकर्तव्यात कमी पडतो असे वाटते. ख्रिस्तसभेचा नियम पाहावा. १९८३ च्या कॅनन कायद्याचे १२५१ वे कलम शुक्रवारी मांस किंवा धर्माध्यक्षांच्या परिषदेने ठरवलेला दुसरा पदार्थ वर्ज्य करायला सांगते, आणि पुढचे कलम हे बंधन चौदा वर्षे पूर्ण झालेल्यांना घालते. मासा खाल्लाच पाहिजे असे त्यात कुठेही नाही. वरण-भात खाल्ला, झुणका-भाकर खाल्ली, तरी शुक्रवार पाळला गेला. उलट शुक्रवारी नागपूरहून बर्फातली महागडी सुरमई मागवून तिला त्याग म्हणणाऱ्यांनीच थोडे थांबून विचार करावा!

मग मी मरळ सोडली हा त्याग झाला काय? मित्र विचारतात, चेष्टेने. मी म्हणतो, नाही. जे खाता येत नाही ते न खाण्यात कसले पुण्य? रश्श्याचा वास आला की अजूनही जीव हळहळतो, ही गोष्ट मात्र खरी, आणि ती हळहळ कोणाजवळ बोलायची सोय नाही, कारण ती हास्यास्पद वाटते. बालपणापासूनची एक चव गेली म्हणजे तिच्याबरोबर आईच्या हातचे थोडेसे काहीतरी जाते. खरा त्याग केला तो माझ्या घरच्यांनी. कुणी न सांगता त्यांनी घरात मरळ आणणे सोडले. संत पौल करिंथकरांना लिहितो की माझ्या खाण्याने माझा भाऊ अडखळणार असेल, तर मी ते मांस कधीही खाणार नाही (१ करिंथ ८). पौलापुढचा प्रश्न सदसद्विवेकाचा होता, शरीराचा नव्हता. मूर्तीला वाहिलेले मांस खावे की नाही, यावर तो वाद होता. शिवाय सगळ्या घराने एकाच्या पथ्यावर जगावे असा नियम मी त्यातून काढणार नाही. मुलांनी बाहेर, मावशीकडे, खुशाल मरळ खावी. पण ‘मला खायचा हक्क आहे’ येथे पौल थांबत नाही, ‘माझ्या खाण्याने शेजारच्याचे काय होते’ इथपर्यंत जातो. तेवढा विचार आपल्या स्वयंपाकघरातही यायला हरकत नाही.

आणि हा विचार स्वयंपाकघरापुरता राहिलेला नाही, तो थेट वेदीपर्यंत गेला आहे. सिलिॲक नावाच्या आजारात गव्हातील ग्लुटेन सोसत नाही. ती ॲलर्जी नव्हे, निराळा आजार आहे, पण पंक्तीतली अडचण तीच. मिस्सेची भाकर तर गव्हाचीच असावी लागते. अशा भाविकांनी काय करावे? जुलै २००३ मध्ये रोम येथील श्रद्धासिद्धान्त मंडळाचे तेव्हाचे प्रमुख कार्डिनल जोसेफ रॅट्झिंगर, म्हणजे पुढचे पोप बेनेडिक्ट सोळावे, यांनी धर्माध्यक्षांच्या परिषदांना याविषयी पत्र पाठवले, आणि २०१७ मध्ये उपासना मंडळाच्या पत्राने तेच पुन्हा स्पष्ट केले. ग्लुटेन अजिबात नसलेली भाकर चालत नाही, परंतु अत्यल्प ग्लुटेनची चालते. ज्याला तीही सोसत नाही, त्याला केवळ द्राक्षारसाच्या रूपात ख्रिस्तप्रसाद घेता येतो, आणि त्यातही ख्रिस्त संपूर्णच असतो. नियम मोडला नाही, पण आजारी माणसाला मेजावरून उठवलेही नाही. “थोडंसं खाल्लं तर काय होतं” असे रोमहून कोणी लिहिले नाही.

आपल्या धर्मग्रामाच्या सहभोजनाविषयी काही व्यावहारिक सूचना करून थांबतो. वाढताना माशाचे नाव सांगावे, नुसते “मासोळी” म्हणू नये. बाजारात हल्ली पंगास ‘बासा’ म्हणून मिळतो आणि तळलेल्या तुकड्यावरून कोणालाच जात ओळखता येत नाही. पाकीटबंद पदार्थात मासा असेल तर तसे छापण्याचे बंधन २०२० च्या नियमांनी घातले आहे, पण आपल्या पातेल्यावर लेबल नसते. तिथे वाढणाऱ्याचा शब्द हेच लेबल. मासा तळलेल्या तेलात भजी तळू नयेत, आणि रश्श्याचा डाव वरणात बुडवू नये. कोणाला जेवणानंतर धाप लागली, आवाज घोगरा झाला, घेरी आली, तर आमसूल शोधत बसू नये. त्याला आडवे करून पाय थोडे उंच ठेवावेत, मात्र धाप लागली असेल तर टेकून बसू द्यावे. त्याला उभे करू नये, चालवू नये. अशा वेळी मांडीत टोचायचे ॲड्रेनालिन हेच पहिले औषध, आणि ते जवळच्यात जवळ जिथे मिळेल तिथे लगेच न्यावे. पुढच्या उपचारांसाठी सावंगीचे विनोबा भावे रुग्णालय आहे आणि सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालयही आहे. पण वर्धा देवळीहून सतरा-अठरा किलोमीटर आहे आणि घसा तेवढा वेळ देईलच असे नाही. पूर्वी असा त्रास झालेल्याने आपल्या डॉक्टरांना विचारून औषध जवळ ठेवावे, आणि सहभोजनाच्या आदल्या दिवशी स्वयंपाक करणाऱ्या भगिनींना न लाजता सांगावे. लहान मुलांच्या पंगतीत एखाद्या मुलाने ताट सरकवले, तर आधी का ते विचारावे. आणि ज्यांना आग्रह केल्याशिवाय राहवतच नाही त्यांनी माझ्या वरण-भातावर तुपाची धार धरावी. ती मला अजून तरी सोसते.